जुन्या मारुती व्हॅनचे जाम झालेले सरकते दार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ पासून ती ओम्नी या नावाने विकली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सोलापूर आणि परिसरात ही गाडी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणाऱ्या भाविकांनी वापरली, शाळेच्या मुलांनी वापरली आणि पूर्व भागातल्या कारखान्यांतून चादरी व टॉवेलांचे गठ्ठे वाहण्यासाठीही वापरली. त्यांतल्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्या आता हौसेने पुन्हा मूळ रूपात उभ्या केल्या जात आहेत. वर्षानुवर्षे अंगणात किंवा शेडमध्ये उभ्या असलेल्या अशा गाडीत काम सुरू होण्याआधीच अनेकदा जो अडथळा येतो तो सरकत्या दाराचा. पुढील उत्तरे त्या दाराविषयी आहेत. त्यांतले बरेचसे त्याच धाटणीच्या इतर जुन्या व्हॅननाही लागू पडते.

दार जाम झाले म्हणजे नेमके काय अडकलेले असते?

सरकते दार बिजागरीवर फिरत नाही. ते तीन ठिकाणी रोलरवर तोललेले असते: पुढच्या बाजूला वर एक, पुढच्या बाजूला पायरीपाशी खाली एक, आणि मागच्या कडेला मध्यभागी एक. हा मागचा रोलर गाडीच्या बाहेरच्या अंगाला दिसणाऱ्या लांब चॅनलमधून धावतो. चॅनलचे पुढचे टोक आत वळलेले असते, त्यामुळे दार बंद होताना शेवटच्या टप्प्यात आत ओढले जाते आणि पत्र्याच्या पातळीत बसते. याखेरीज मागच्या कडेला लॉक असते, ते पिलरवरच्या, म्हणजे चौकटीच्या उभ्या खांबावरच्या, स्ट्रायकरला (लॉक जिथे अडकते त्या लोखंडी खुंट्याला) पकडते. हँडलपासून लॉकपर्यंत एक सळई जाते आणि चौकटीभोवती रबराचे बीडिंग असते. अडकण्याच्या जागा एवढ्याच आहेत, आणि त्यांतली कोणती जागा दार धरून बसली आहे हे कळल्याशिवाय जोर लावू नये, असे आमचे ठाम मत आहे.

ही जागा हँडलच सांगते. हँडल सैल, निर्जीव फिरत असेल तर सळई निसटली आहे किंवा तिची प्लास्टिकची क्लिप तुटली आहे. हँडल दगडासारखे घट्ट असेल तर लॉक गंजले आहे. हँडल नीट ओढले जाते, लॉक सुटल्याचा खट् असा आवाजही येतो, पण मागची कड बाहेर येत नाही, असे झाले तर बीडिंग चिकटले आहे, रंगाने फट बुजली आहे किंवा दार स्ट्रायकरवर बसले आहे. मागची कड बाहेर येते पण दार सरकत नाही, तेव्हा रोलर आणि चॅनल पाहावेत. दार अर्ध्यापर्यंत येऊन नेमके एकाच जागी थांबत असेल, तर तिथे चॅनल चेपलेला आहे किंवा गाडीचा सांगाडाच बसला आहे.

काम कुठून सुरू करावे?

आतून. या गाडीला दोन्ही बाजूंना सरकती दारे आहेत आणि मागचा दरवाजाही वर उघडतो, त्यामुळे आत शिरण्याची वाट बहुधा मिळतेच. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करावी, आत जाऊन डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) काढावे आणि बॅटरीच्या प्रकाशात सळई व लॉक डोळ्यांनी पाहावे. पॅडच्या क्लिपा जुन्या झाल्यावर ठिसूळ होतात, म्हणून लोखंडी डिस्मिसऐवजी प्लास्टिकची किंवा बांबूची चपटी पट्टी क्लिपेच्या अगदी शेजारी सरकवून पॅड हळूहळू उचलावे. पॅडचा पुठ्ठा ओलाव्याने फुगलेला असतो, एका झटक्यात ओढला तर क्लिप दाराला राहते आणि पुठ्ठा हातात येतो. मूळ पॅड फाटलेले असले तरी टाकू नये. नवीन कापताना भोके नेमकी कुठे पाडायची हे त्याच्यावरूनच कळते.

लॉक आतून कसे सोडवावे?

सळई लॉकच्या ज्या लहान पट्टीला जोडलेली असते ती पट्टी शोधावी आणि हँडल ओढल्यावर ती ज्या दिशेला जाते त्याच दिशेला तिला डिस्मिसने हलकेच ढकलावे. पट्टी हलली पण लॉक सुटले नाही, तर स्ट्रायकरवर दाराचा ताण आहे असे समजावे. अशा वेळी दुसऱ्या माणसाने बाहेरून दाराच्या मागच्या कडेवर तळहाताने आत दाब द्यावा आणि त्याच क्षणी आतल्या माणसाने पट्टी ढकलावी. ताण उतरला की लॉकची जीभ मोकळी होते. हे काम दोघांचेच आहे. एकट्याने हँडल ओढत राहिले तर जुन्या हँडलचा आतला कान तुटतो, आणि मग दार जाम ते जामच राहून वर हँडलही शोधावे लागते.

पट्टी मुळीच हलत नसेल तर लॉकच्या सांध्यांवर गंज सैल करणारे तेल सोडून थांबावे. थांबणे हा या कामातला खरा भाग आहे.

बाहेरून पहार घालून दार उघडले तर?

तसे करू नये. या गाडीचा पत्रा पातळ आहे. पहारेने पिलरची कड आणि दाराची कड दोन्ही एकदम वळतात. नंतर डेंटर ती ठोकून सरळ करतो, पण ताणला गेलेला पत्रा पूर्वीच्या मापात येत नाही, आणि दाराची फट कायमची वाकडी दिसते.

कोणते तेल वापरावे आणि किती वेळ ठेवावे?

डब्ल्यूडी-फॉर्टीसारखा स्प्रे ओलावा बाहेर काढायला आणि हलका गंज सैल करायला चांगला आहे. खूप जुन्या गंजासाठी खास गंज सैल करणारे तेल जास्त खोल जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४० अंशांच्या पुढे असतो, तेव्हा स्प्रेमधला पातळ भाग फार लवकर उडून जातो आणि तेल आत मुरण्याआधीच वर सुकते. म्हणून तेल संध्याकाळी सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी ऊन चढण्याच्या आत हलवून पाहावे. हलले नाही तर पुन्हा तेच करावे. मध्ये मध्ये लॉकच्या खोक्यावर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक केल्यास गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

तेल लॉकवर आणि लोखंडी सांध्यांवरच पडावे. बीडिंगवर पेट्रोलियम तेल पडले की रबर फुगते आणि मऊ पडते. त्यासाठी स्प्रेची बारीक नळी वापरावी आणि मागे जुन्या कापडाची घडी धरावी.

बीडिंग दाराला चिकटले आहे, ते कसे सोडवावे?

वर्षानुवर्षे दाबात राहिलेले रबर उन्हाने मऊ होऊन रंगाला चिकटते. अशा ठिकाणी कोमट साबणाचे पाणी फटीत सोडावे आणि मेण लावलेली मजबूत नायलॉनची दोरी दोन्ही हातांत ताणून फटीतून करवतीसारखी पुढे-मागे ओढत न्यावी. दोरी वरच्या कोपऱ्यातून घालून मागच्या कडेने खाली आणणे सोपे जाते. पूर्वीच्या कोणी गाडीवर बीडिंगसकट रंग मारलेला असेल, तर तो थरही याच दोरीने कापला जातो.

रबरासाठी सिलिकॉन स्प्रे उत्तम आहे, पण गाडी अजून रंगवायची असेल तर तो अजिबात मारू नये. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर नवीन रंग तिथे धरत नाही आणि बारीक गोल खळगे पडतात. हवेतून उडालेला स्प्रे शेजारच्या पत्र्यावरही बसतो आणि धुऊन सहजासहजी जात नाही. रंग होईपर्यंत साबणाचे पाणी आणि सुटल्यावर रबरावर शंखजिऱ्याची पूड एवढ्यावरच काम भागवावे.

उन्हात पत्रा फुगतो म्हणून दार अडकते, हे खरे आहे का?

फारसे नाही. एक मीटर लांबीचे पोलाद ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढते, आणि दारासोबत चौकटही तापून जवळजवळ तेवढीच वाढते. दुपारी दार जड जाते ते मऊ झालेल्या रबरामुळे. दुपारी अडकणारे आणि सकाळी सुटणारे दार दिसले तर बीडिंग तपासावे, पत्र्याला हात लावू नये.

चॅनलमध्ये कडक काळा थर साचला आहे. तो कशाचा असतो आणि कसा काढावा?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याला इथली माती कारण आहे. जुन्या मालकांनी दार जड झाले की चॅनलमध्ये वरून ग्रीस भरले. त्या ग्रीसवर रस्त्याची धूळ बसली, शेतावर जाणाऱ्या गाडीत काळी माती आली, आणि यंत्रमागाच्या भागात फिरलेल्या गाडीत कापसाची तूसही बसली. ग्रीस, माती आणि तूस मिळून नमद्यासारखा एक थर तयार होतो. पायरीजवळच्या खालच्या चॅनलमध्ये, जिथे प्रत्येक चढणाऱ्याच्या चपलेची माती पडते, तो इतका भरलेला असतो की रोलर चॅनलच्या पत्र्यावर न धावता त्या थरावर घासत जातो.

हा थर काढताना पहिल्यांदा पाणी मारू नये. काळी माती पाणी शोषून फुगते, रोलरच्या भोवती आणखी घट्ट बसते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुवून आणल्यानंतर थोडे हलणारे दारही पूर्ण जाम झाल्याच्या तक्रारींचे कारण हेच असते. आधी थर कोरडाच खरवडावा. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी चॅनलच्या रुंदीएवढी कापून घ्यावी, तिने थर तुकड्यातुकड्यांनी उचलावा, तारेचा ब्रश फक्त उघड्या गंजावर फिरवावा, आणि सुटलेले सर्व व्हॅक्यूमने ओढून घ्यावे. त्यानंतर उरलेल्या ग्रीससाठी डिझेलमध्ये भिजवलेले कापड वापरावे आणि शेवटी चॅनल कोरड्या कापडाने इतका पुसावा की बोट फिरवल्यावर बोटाला काहीच लागणार नाही.

मधल्या चॅनलच्या पुढच्या वळणाकडे विशेष लक्ष द्यावे. कापड तिथे पोचत नाही आणि दार उघडताना रोलरला पहिला धक्का तिथेच बसतो. जुन्या टूथब्रशचे डोके गरम करून वाकवले तर ते त्या वळणात नीट जाते. चॅनल साफ झाल्यावर त्याच्या तळाला असलेली पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी करावीत. ती बुजलेली राहिली तर पहिल्याच पावसात पाणी साचते, आणि चॅनल पुन्हा आतून गंजू लागतो.

रोलर फिरत नाही. तो दुरुस्त होतो की बदलावाच लागतो?

रोलर डिझेलमध्ये भिजवून बोटांनी फिरवून पाहावा. फिरू लागला आणि कड गोल असेल तर आसावर ग्रीस देऊन तोच वापरावा. एका बाजूने सपाट झाला असेल, कड तुटली असेल किंवा आसावर डुलत असेल तर बदलावा. उत्पादन २०१९ पर्यंत चालल्यामुळे या गाडीचे रोलर मिळायला अडचण येत नाही, पण वेगवेगळ्या वर्षांच्या ब्रॅकेटमध्ये फरक असू शकतो, म्हणून दुकानात जाताना जुना रोलर ब्रॅकेटसह सोबत न्यावा. डाव्या आणि उजव्या दाराचे ब्रॅकेट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. ते अदलाबदल करून बसत नाहीत.

स्ट्रायकरचे स्क्रू निघत नाहीत, डोकी घसरत आहेत. काय करावे?

बहुधा डिस्मिस चुकीचा आहे. या गाडीची रचना सुझुकीची, म्हणजे जपानी आहे, आणि जपानी प्रमाणाच्या फुलीची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीपेक्षा थोडी वेगळी असते. नेहमीचा डिस्मिस तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खातो. जेआयएस, म्हणजे याच जपानी प्रमाणाच्या, फुलीचा डिस्मिस किंवा बिट घ्यावा. खाचेतला रंग आणि गंज टोच्याने आधी काढावा, तेल मुरू द्यावे, आणि मग हातोडीचा ठोका देऊन फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. ठोक्याने आटे हादरतात आणि त्याच क्षणी वळणही मिळते, म्हणून गंजलेला स्क्रू याने सुटतो. सोडण्यापूर्वी स्ट्रायकरभोवती टोच्याने बारीक रेघ ओढून ठेवावी, मूळ जागा पुन्हा सापडते. स्ट्रायकरच्या मागे पातळ पत्र्याच्या चकत्या असल्या तर त्या मोजून त्याच क्रमाने पिशवीत ठेवाव्यात.

गॅसच्या ज्योतीने तापवून सोडवता येईल का?

गाडीवर असताना नाही. पेट्रोलची टाकी आणि नळ्या मजल्याखाली आहेत, यांतल्या कित्येक गाड्यांना पुढे एलपीजी किट बसवलेले असते, आणि आत फोम, रेक्झिन व रबर आहे. फारच गरज पडली तर हीट गन वापरावी, तीही तेलाचा स्प्रे पुसून झाल्यावर आणि गाडीतून गॅसची टाकी काढून झाल्यावर.

सगळे साफ केले, लॉक सुटले, रोलरही नवीन आहेत, तरीही दार अडकते. आता काय पाहावे?

आता गाडीचा सांगाडा पाहावा. दाराची चौकट मोठी आहे आणि तिला मधे पिलरचा आधार नाही. खालचा पोकळ उंबरा आतून गंजून गेला की गाडीचा मधला भाग किंचित खाली बसतो. चौकट समांतर राहत नाही, तिरकी होते, आणि दार, जे स्वतः अजून सरळ आहे, त्या तिरक्या चौकटीत चावले जाते. हा दोष दाराचा नाही, त्यामुळे दारावर केलेले कोणतेही काम तो दूर करत नाही.

खात्री करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली मापाची: दोन्ही बाजूंच्या चौकटींचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. डाव्या चौकटीचा पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण उजव्या चौकटीच्या त्याच कर्णाशी जुळला पाहिजे. दुसरी पद्धत जॅकची आहे. गाडीखाली मजबूत जागी, गंजलेल्या उंबऱ्यावर कदापि नाही, लाकडाची फळी ठेवून जॅकने वजन थोडेसेच उचलावे आणि मदतनीसाने दार हलवत राहावे. काही मिलिमीटर उचलताच दार हलके झाले तर निदान झाले. हे करताना कोणीही गाडीखाली हात किंवा डोके घालू नये.

सांगाडा बसलेला असेल तर कामाचा क्रम बदलतो, आणि पुनर्बांधणीच्या कामात सर्वांत महाग पडणारी घाई इथेच होते. उंबरा गंजला आहे असे दिसताच डेंटर तो कापून काढतो, नवीन पत्रा बसवतो, आणि रंग झाल्यावर कळते की दार बसत नाही, कारण कापण्याच्या वेळी चौकट होती त्याहून थोडी अधिक बसली आणि तशीच वेल्ड झाली. म्हणून आधी गाडी सपाट करून आधारांवर नीट तोलावी, कर्ण जुळवावेत, दार बसवून फटी तपासाव्यात, मग दार काढून चौकटीत चौकोनी पाइपचा तिरपा आधार वेल्ड करावा, आणि त्यानंतरच उंबऱ्याला कटर लावावा. प्रत्येक बाजूचे काम पुरे झाल्याशिवाय दुसरी बाजू उघडू नये.

गाडी एकाच कोपऱ्यात स्टँडवर उचलून ठेवलेली असतानाही चांगले दार अडकू शकते. निदान करण्याआधी गाडी चाकांवर उतरवून पुन्हा पाहावे.

रंग होऊन आल्यावर दार जाम झाले. रंगाऱ्याची चूक आहे का?

बहुतेक वेळा कडेवर लांबी (पुट्टी) आणि रंगाचे थर जाड झालेले असतात, किंवा चॅनलच्या आत रंग उडून बसलेला असतो. फट सर्वत्र सारखी आहे का हे पाहण्यासाठी जाड पुठ्ठ्याची पट्टी घेऊन ती चारी बाजूंनी फिरवावी. ती जिथे अडते तिथे थर जाड आहे. चॅनलमधला रंग पॉलिश पेपरने उतरवता येतो, कडेवरची लांबी मात्र रंगाऱ्याकडूनच उतरवून घ्यावी. हे टाळण्यासाठी रंगाला देण्याआधी चॅनलमध्ये कागद भरून चिकटपट्टी लावून द्यावी.

नवीन बीडिंग मूळपेक्षा जाड आणले असेल तरीही दार शेवटच्या बोटभर अंतरात अडते. लांबीने रबर विकत घेताना मूळ रबराचा कापलेला तुकडा सोबत न्यावा आणि आडवा छेद जुळवून पाहावा.

दार पूर्ण काढायचे असल्यास?

दोन माणसे हवीत. रोलर ब्रॅकेटच्या बोल्टभोवती खुणा कराव्यात, मधल्या चॅनलच्या मागच्या टोकाचा अडथळा काढावा, खालचा व वरचा ब्रॅकेट सोडवावा आणि दार मागे सरकवत मधल्या चॅनलमधून बाहेर घ्यावे. खाली जुनी गादी अंथरलेली असावी. दार उभे टेकवून ठेवू नये, आडवे ठेवावे.

शेवटी वंगण कोणते द्यावे?

लॉकला आणि रोलरच्या आसाला पांढरे लिथियम ग्रीस, तेही थोडेच. चॅनलला मात्र जाड ग्रीस देऊ नये, मग ते कितीही उत्तम असो. आपल्याकडच्या धुळीत चॅनल जवळजवळ कोरडाच चांगला राहतो. ग्राफाइट किंवा टेफ्लॉनचा सुकणारा स्प्रे कापडावर मारून त्याचा पुसट हात फिरवावा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर चॅनल पुसून घ्यावा.

ही गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते का?

आज नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने वाहनच व्हिंटेज ठरते, म्हणजे १९८४ ची व्हॅन २०३४ नंतरच त्यात बसेल. त्याच नियमांत सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. त्यामुळे दार बसत नाही म्हणून चौकट कापून रुंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

दार आता सरकते, पण बंद केल्यावर मागची कड बोटभर बाहेर राहते.

स्ट्रायकर सैल करून तो किंचित आत घ्यावा, दार हळू बंद करून पाहावे आणि लॉकची जीभ स्ट्रायकरच्या मधोमध येते का ते तपासावे. त्यासाठी स्ट्रायकरवर थोडी खडूची पूड लावली की जीभ कुठे घासते ते स्पष्ट दिसते. जीभ वर घासत असेल तर दार खाली बसले आहे. तेव्हा स्ट्रायकर खाली घेण्यापेक्षा मागच्या रोलरचा ब्रॅकेट सैल करून दारच उचलून घ्यावे. लॉकला दोन टप्पे असतात. दार पहिल्याच टप्प्यावर अडकून बंद झाल्यासारखे दिसते आणि धक्क्याने उघडू शकते, म्हणून दुसरा खट् ऐकू आल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. पूर्ण उघडल्यावर दार धरून ठेवणारा खटकाही त्याच वेळी तपासावा: गाडी उतारावर नाक खाली करून उभी करावी, दार पूर्ण उघडावे आणि हात काढून घ्यावा. दार आपोआप पुढे आले तर खटक्याची स्प्रिंग बदलेपर्यंत त्या गाडीत मुलांना बसवू नये.